कपाळावरचा दुहेरी सिग्मा

१९८७ च्या एप्रिलमध्ये इंटेलच्या हाती एक अडचणीची गोष्ट आली. तिचा सर्वांत नवा आणि सर्वांत महागडा प्रोसेसर, ८०३८६, कधी कधी गुणाकार चुकवत होता. सगळे गुणाकार नव्हे, फक्त ३२ बिटांचे. आणि तेही सगळ्या चिपमध्ये नव्हे. एकाच कारखान्यातून, एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन चिप शेजारी ठेवल्या, तर एक बिनचूक चाले आणि दुसरी विशिष्ट तापमानाला, विशिष्ट व्होल्टेजवर, विशिष्ट आकड्यांवर अडखळे. दोघींचे रूप अगदी सारखे, वरची अक्षरेही तीच. मग इंटेलने जे केले, ते प्रोसेसरच्या इतिहासात फार क्वचित घडले आहे. तिने चिप तपासल्या आणि तपासणीचा निकाल त्यांच्या कपाळावरच छापला. पास झालेल्या चिपवर ग्रीक लिपीतील सिग्मा हे अक्षर दोनदा उमटले. नापास झालेल्या चिपवर इंग्रजीत चार शब्द आले: ‘१६ बिट एस/डब्ल्यू ओन्ली’, म्हणजे या चिपवर फक्त १६ बिटांचे सॉफ्टवेअर चालवा.

जुने प्रोसेसर जमवणाऱ्या संग्राहकांच्या दृष्टीने ३८६ चे त्यामुळे तीन चेहरे झाले: सिग्मा असलेला, इशारा असलेला आणि दोन्ही नसलेला. यांतला तिसरा मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. पण तिथवर जाण्याआधी चिपवर एरवी काय लिहिलेले असते आणि ते कुणासाठी असते, हे पाहायला हवे.

इंटेलचा पहिला प्रोसेसर ४००४. त्याची जाहिरात नोव्हेंबर १९७१ मध्ये झाली. बुसिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी तो घडवला गेला. टेड हॉफ, स्टॅन मेझर, मासातोशी शिमा आणि फेडेरिको फॅगिन ही त्यामागची माणसे. सिलिकॉनवर प्रत्यक्ष मांडणी उतरवणाऱ्या फॅगिनने त्या इवल्याशा तुकड्याच्या कडेला आपली आद्याक्षरे, दोन एफ, कोरून ठेवली. चिपवरची ती वैयक्तिक सही म्हणायला हरकत नाही; पण ती पाहायची तर झाकण उघडून सूक्ष्मदर्शक लावावा लागतो. बाहेरून वाचता येतो तो केवळ क्रमांक आणि त्याच्या आधीचे एक अक्षर. सी-४००४ म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची, सोनेरी झाकणाची चिप. डी-४००४ म्हणजे काळपट सिरॅमिकच्या दोन थरांत बंद केलेली. पी-४००४ म्हणजे प्लॅस्टिकची. आत चिप तीच. फरक कवचाचा, आणि कवचाबरोबर किमतीचा. पांढऱ्या सिरॅमिकमधून करड्या रेषा दिसणारी सी-४००४ आज संग्राहकांच्या जगात मानाचे पान घेऊन बसली आहे.

ही अक्षरे खरेदीदार अभियंत्यासाठी होती. कोणता भाग कोणत्या सॉकेटमध्ये बसेल, किती उष्णता सोसेल, एवढे त्याला कळले की काम झाले. पुढे वेग वाढले तसा क्रमांकाच्या शेवटी आडवी रेघ आणि मेगाहर्ट्झचा आकडा आला. कवचे बदलली तशी नवी अक्षरे आली: पिनांचा चौकोनी गठ्ठा असलेल्या सिरॅमिक कवचाला ए, चारही बाजूंनी आत वळलेल्या पायांच्या प्लॅस्टिक कवचाला एन, पायच नसलेल्या सिरॅमिकला आर. त्यामुळे ए-८०३८६-१६ एवढे वाचले की कळते: १३२ पिनांचा सिरॅमिक चौकोन, १६ मेगाहर्ट्झ.

खालच्या ओळींत यापेक्षा जास्त मजकूर दडलेला असतो. त्यातला एक आकडा नवशिक्याला हमखास चकवतो. वर्तुळातल्या सी या अक्षरापुढे ’८५ असे लिहिलेले दिसले की चिप १९८५ ची, असे तो धरून चालतो. ते वर्ष आराखड्याच्या स्वामित्वहक्काचे असते. १९९० मध्ये बनलेल्या ३८६ वरही ’८५ असू शकते. त्याच सी शेजारी अनेकदा वर्तुळातला एम दिसतो. हा एम अमेरिकेत १९८४ साली झालेल्या एका कायद्याची खूण आहे. चिपच्या आतल्या थरांची नक्षी, जिला मास्क म्हणतात, तिला त्या कायद्याने प्रथमच चोरीपासून संरक्षण दिले. त्याआधीच्या चिपवर हा एम शोधूनही सापडायचा नाही. म्हणजे एका कायद्याची जन्मतारीख सिरॅमिकवर शाईने नोंदली गेली आहे, आणि ती वाचता येणाऱ्याला चिपचा काळ लगेच कळतो.

बनण्याची खरी तारीख वेगळ्या ओळीत असते. सत्तरच्या दशकात बहुतेक कंपन्या चार अंक छापत: दोन वर्षाचे, दोन आठवड्याचे. ७८२३ म्हणजे १९७८ चा तेविसावा आठवडा. इंटेलने पुढे त्याची लांबी वाढवली आणि वर्ष एका अंकावर आणले. एल हे अक्षर, मग ७, मग १२ असे दिसले तर चिप मलेशियात बांधली गेली, वर्ष सात, आठवडा बारावा. इंटेलचा पिनांगमधला कारखाना १९७२ पासूनचा, आणि एल ही मलेशियाची खूण. आता ‘वर्ष सात’ म्हणजे कोणते? ३८६ बाबतीत हा प्रश्न पोकळ नाही, कारण इंटेलने हा प्रोसेसर बनवणे थांबवले ते सप्टेंबर २००७ मध्ये. औद्योगिक यंत्रांत, उपकरणांत तो दोन दशके जिवंत होता. १९८७, १९९७ की २००७ हे ठरवायला चिपवरच्या बाकीच्या खुणांची साक्ष काढावी लागते.

अशी साक्ष काढण्याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे डीएक्स ही दोन अक्षरे. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये ३८६ जाहीर झाला तेव्हा त्याला कोणतेही शेपूट नव्हते. १९८८ मध्ये इंटेलने स्वस्त भाऊ आणला, ३८६-एसएक्स, ज्याची बाहेरची वाट १६ बिटांचीच होती. मग थोरल्याला वेगळे नाव देणे भाग पडले आणि तो डीएक्स झाला. त्यामुळे डीएक्स अशी अक्षरे आणि १९८७ ची तारीख एकाच चिपवर दिसली, तर तिथे काहीतरी गडबड आहे: एक तर तारीख चुकीची वाचली आहे, नाही तर कुणी जुनी शाई पुसून नवी लावली आहे.

आता १९८७ कडे परत येऊ. त्या वर्षी ३८६ नेमका कुठे उभा होता हे कळल्याशिवाय सिग्माचे वजन कळणार नाही. जॉन क्रॉफर्ड हा त्याचा प्रमुख रचनाकार. पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर, पूर्ण ३२ बिटांची रचना. यापूर्वी इंटेल आपले प्रोसेसर इतरांनाही बनवू देत असे. आयबीएमने १९८१ च्या पीसीत ८०८८ घेतला तेव्हा दुसरा पुरवठादार असावा असा तिचा आग्रह होता, आणि एएमडी तो पुरवठादार झाली. म्हणून ३८६ च्या आधीच्या, एएमडीने बनवलेल्या २८६ वर एएमडीच्या नावाखाली ‘सी, इंटेल, १९८२’ असे छापलेले आढळते. एका चिपवर दोन कंपन्या. ३८६ च्या वेळी अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांच्या इंटेलने हा दरवाजा बंद केला. ३८६ हवा तर तो इंटेलकडूनच घ्या. सप्टेंबर १९८६ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी डेस्कप्रो ३८६ बाजारात आणला आणि सगळ्यांचे लक्ष या चिपकडे वळले. २ एप्रिल १९८७ रोजी आयबीएमने पीएस/२ मालिका जाहीर केली. तिच्यातले सर्वांत मोठे यंत्र, मॉडेल ८०, याच ३८६ वर उभे होते.

गुणाकाराचा दोष त्याच महिन्यात पुढे आला. दुसरा पुरवठादार असता तर यंत्र बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे धाव घेतली असती. इथे धाव घ्यायला जागा नव्हती. दोष तर्कात नव्हता, म्हणजे गुणाकाराची रीत चुकीची लिहिलेली नव्हती. त्या भागातल्या सर्किटला पुरेसा वाव ठेवलेला नव्हता, एवढेच. त्यामुळे उत्पादनातल्या बारीकसारीक फरकांवर एखादी चिप तरायची की बुडायची हे ठरे. म्हणून प्रत्येक चिप वेगळी तपासून दोन ढीग करणे शक्य झाले.

नापास चिप फेकून का दिल्या नाहीत, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. उत्तर त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. १९८७ मध्ये ३८६ विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या यंत्रांवर डॉसच चालत होते आणि डॉस १६ बिटांचे. ३२ बिटांचा गुणाकार त्या माणसाच्या कामात यायचाच नाही. त्याच्या लेखी ३८६ म्हणजे फार वेगवान २८६. त्याला नापास चिप दिली तरी तिने त्याला दगा दिला नसता. फक्त त्याला ते ठाऊक असायला हवे होते, आणि इंटेलने ते ठाऊक होईल अशा जागी लिहिले. मला या निर्णयात प्रामाणिकपणा दिसतो. त्यात व्यापार होताच. महागडा माल वाया घालवायचा नव्हता. पण उणीव असलेला माल उणीव सांगून विकणे आणि न सांगता विकणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्या चार शब्दांएवढे आहे.

दोषांच्या बाबतीत इंटेल नेहमीच इतकी बोलकी होती असे मात्र नाही. याच ३८६ मध्ये पॉपएडी या आज्ञेचा एक दोष होता: तिच्यानंतर लगेच विशिष्ट प्रकारे पत्ता काढणारी आज्ञा आली तर एका रजिस्टरमधला मजकूर बिघडे. तो सगळ्याच चिपमध्ये होता, त्यामुळे निवडानिवड करण्याजोगे काही नव्हते आणि कपाळावर त्याची नोंदही नाही. तो कागदपत्रांत राहिला आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी त्याला वळसा घातला. आयबीटीएस आणि एक्सबीटीएस या दोन आज्ञांचे तर आणखी विचित्र झाले. त्या सुरुवातीच्या ३८६ मध्ये होत्या आणि बी-१ या आवृत्तीपासून काढून टाकल्या गेल्या. पुढे १९८९ च्या ४८६ मध्ये इंटेलने त्यांचेच संकेतांक एका नव्या आज्ञेला दिले. मग जुन्या सॉफ्टवेअरशी गोंधळ होतो असे दिसल्यावर ४८६ च्या पुढच्या आवृत्तीत तेही बदलले. चिपच्या माथ्यावर यातले काहीच नाही. म्हणून आवृत्ती, जिला इंग्रजीत स्टेपिंग म्हणतात, ती ओळखायला एस हे अक्षर आणि त्यापुढचे पाच अंक यांची ओळ उपयोगी पडते. एखाद्या मालाची नेमकी तपशीलवार अट त्या क्रमांकाला बांधलेली असे.

सिग्माची गोष्ट १९८७ मध्ये संपली नाही. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ आणले तेव्हा ३८६ डीएक्स किंवा त्यावरचा प्रोसेसर हवा अशी अट होती, आणि त्या अटीला एक अपवाद जोडला होता: गुणाकाराचा दोष ज्या बी-१ आवृत्तीत होता, तिचा ३८६ चालणार नाही. यंत्र सुरू होताच ३८६ आपली ओळख एका रजिस्टरमध्ये ठेवतो, आणि बी-१ ची ओळख ०३०३. आठ वर्षांपूर्वीच्या चिप अजून लोकांच्या टेबलावर होत्या, आणि आता मात्र सॉफ्टवेअर खरोखर ३२ बिटांचे झाले होते. ज्या इशाऱ्याकडे डॉसवाल्याने दुर्लक्ष केले होते, त्याची वेळ तेव्हा आली.

मधल्या काळात इंटेलला क्रमांकांचाच प्रश्न पडला. एएमडीने १९९१ मध्ये स्वतःचा ३८६ आणला आणि ‘३८६’ हा आकडा कुणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही, असे अमेरिकेतल्या न्यायालयाने ठरवले. चिपवर आय-३८६ असा खास लिहिलेला शिक्का येऊनही उपयोग झाला नाही. म्हणून मार्च १९९३ मध्ये आलेल्या पुढच्या प्रोसेसरला आकडा न देता नाव दिले गेले: पेंटियम. त्याच्या विकासाचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला.

पेंटियमनेही गणित चुकवले, या वेळी भागाकार. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. १९९४ च्या जूनमध्ये त्यांना उत्तरांत विसंगती दिसली. महिनोन् महिने एकेक शक्यता वगळत ते ऑक्टोबरअखेर प्रोसेसरपर्यंत पोचले. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या काही नोंदी रिकाम्या राहिल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की १.३३३८२ यायला हवे, पेंटियम १.३३३७४ देई. इंटेलने आधी सांगितले की सर्वसामान्य माणसाला याचा त्रास होणार नाही, आणि चिप बदलून हवी असेल तर आपल्या कामाला खरोखर त्याचा फटका बसतो हे दाखवा. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमची यंत्रे पाठवणे थांबवले. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचे कबूल केले. खर्चाचा आकडा जाहीर झाला तो ४७.५ कोटी डॉलर.

मी हे दोन प्रसंग शेजारी ठेवतो तेव्हा फरक नाकारत नाही. १९८७ चा दोष चिपगणिक वेगळा होता. १९९४ चा त्या आराखड्याच्या प्रत्येक चिपमध्ये होता. पास-नापासचा शिक्का पेंटियमवर मारायला अर्थच नव्हता. तरी एक गोष्ट उरते. इंटेलला हा दोष नाइसलींच्या आधी, १९९४ च्या मध्यातच कळला होता, आणि दुरुस्त आवृत्ती तयार होत असताना जुना माल विकला जात होता. जुनी आणि नवी चिप वेगळी ओळखायची खूण चिपवर होती, नाही असे नाही; एसएक्स ही अक्षरे आणि पुढचे तीन अंक. पण कोणता क्रमांक दुरुस्तीच्या अलीकडचा आणि कोणता पलीकडचा, हे ग्राहकाला ठाऊक असायचे कारण नव्हते, आणि तो क्रमांक पंख्याखाली झाकलेला होता. १९८७ चा इशारा वाचायला कोणत्याही तक्त्याची गरज नव्हती.

ग्राहकही बदललेला होता, हे इथे लक्षात घ्यावे लागते. ३८६ विकला जाई तो मुख्यतः यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना, आणि सिग्मा त्यांच्या अभियंत्यांसाठी होता. १९९१ पासून ‘इंटेल इनसाइड’ च्या मोहिमेने प्रोसेसरचे नाव घराघरांत नेले. ज्याने नाव पाहून यंत्र घेतले, तो आता थेट इंटेलला जाब विचारत होता.

आज हे सगळे संग्राहकांच्या डब्यांत एकत्र नांदते आहे. बाजारात पास झालेल्यापेक्षा नापास चिपकडे डोळे अधिक वळतात. त्याचे कारण फक्त दुर्मिळता नाही. तिच्यावर एक पूर्ण वाक्य लिहिले आहे, आणि वाक्य असलेली चिप क्वचितच भेटते. अशा मालाचा पहिला शत्रू सोने. सिरॅमिक कवचाच्या जुन्या प्रोसेसरच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो. त्यामुळे जगभर, आपल्याकडे मुंबईच्या साकीनाका-कुर्ल्याच्या भंगारातही, जुने इलेक्ट्रॉनिक्स मोडले जाते तेव्हा चिपची किंमत वजनावर होते. वितळवणाऱ्याला सिग्मा आणि इशारा दोन्ही सारखेच.

दुसरा धोका हळुवार हातांचा. छाप शाईचा असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने साफ करायला गेलेला माणूस तारखेची ओळ पुसून बसतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी, पिना फोममध्ये ठेवाव्यात, आणि फोटो दोन्ही बाजूंचे घ्यावेत; तळाच्या सिरॅमिकवर किंवा झाकणावर कधी कधी देशाचे नाव किंवा दुसरा संकेत असतो आणि वरच्या ओळींशी तो जुळतो की नाही हे पाहता येते. नव्वदच्या दशकाच्या मध्यात कमी वेगाच्या पेंटियमवर जास्त वेगाचा आकडा छापून विकणाऱ्यांनी धुमाकूळ घातला होता, त्यामुळे आकडा गुळगुळीत नवा आणि कवच घासलेले असेल तर संशय घ्यावा.

आणि तो तिसरा चेहरा. सिग्मा नाही, इशारा नाही, तारीख एप्रिल १९८७ च्या आधीची. ही चिप तपासणीच्या आधीच कुणाच्या तरी यंत्रात गेली आणि कधीच परत आली नाही. ती चांगली आहे की नाही याचा निकाल तिच्यावर लिहिला गेला नाही. आज तो लावता येतो. जुन्या बोर्डावर ती बसवावी, ओळख ०३०३ येते का पाहावे, आणि ३२ बिटांच्या गुणाकारांचा मारा करत तिला तापू द्यावे. एक जरी गुणाकार चुकला तरी निकाल लागला. सगळे बरोबर आले तर मात्र लागत नाही, कारण दोष तापमान, व्होल्टेज आणि आकडे यांच्या नेमक्या जुळणीतच उघडा पडतो, आणि त्या सगळ्या जुळण्या घरच्या टेबलावर आणता येत नाहीत. म्हणून अशा चिपच्या नोंदीत ‘उत्तीर्ण’ असे लिहू नये. कोणत्या बोर्डावर, किती व्होल्टेजवर, किती वेळ चालवली आणि चूक दिसली नाही, एवढेच लिहावे.